पापणी लवते तेव्हा : डोळ्यांची उघडझाप आणि मनाचे श्रम

जागेपणी प्रौढ मनुष्याची पापणी दर मिनिटास साधारणपणे १५ ते २० वेळा लवते. दिवसाचे सोळा तास तो जागा असतो असे धरले, तर उठल्यापासून निजेपर्यंत ही संख्या १४,००० ते १९,००० च्या घरात जाते. श्वासाप्रमाणेच ही क्रियाही न सांगता, न आठवता चालू असते. आणि श्वासाप्रमाणेच तिच्याकडेही ती बिघडल्यावाचून कोणाचे लक्ष जात नाही. लेखन, वाचन, हिशेब, गोष्ट ऐकणे, खोटे बोलण्याची धडपड, झोपेची गुंगी, उन्हाची तिरीप, धूळ या साऱ्यांचा परिणाम मात्र तिच्या गतीवर होत असतो.

प्राथमिक शिक्षकाच्या दृष्टीने या क्रियेस एक निराळे महत्त्व आहे. त्याच्यासमोर रोज तीस-चाळीस मुलांचे डोळे असतात. एखादे मूल सारखे डोळे मिचकावते, आणि ‘हा मुद्दाम चाळे करतो’ असे समजून त्यास दटावले जाते. दुसरे एखादे मूल टक लावून, पापणीही न हलविता बसलेले असते, आणि त्यास एकाग्रतेचा नमुना म्हणून वर्गापुढे वाखाणले जाते. हे दोन्ही निर्णय चुकीचे असण्याचा पुष्कळच संभव असतो, आणि दोन्ही चुकांची किंमत शेवटी मुलास द्यावी लागते. म्हणून पापणी का लवते, केव्हा अधिक लवते आणि केव्हा थांबते, हे शिक्षकाने थोडे बारकाईने समजून घेणे आवश्यक आहे.

पापणी मिटते ती डोळ्याभोवतालच्या वर्तुळाकार स्नायूच्या आकुंचनाने, आणि वर उचलली जाते ती वरच्या पापणीतील दुसऱ्या एका स्नायूमुळे. मिटून उघडण्यास सेकंदाचा दहावा भाग ते फार तर चार दशांश इतका वेळ लागतो. डोळ्याकडे अकस्मात काही आले की पापणी मिटते, तो संरक्षणाचा प्रकार होय. आपण ठरवून मिटतो, तो इच्छेचा प्रकार होय. येथे विचार करावयाचा आहे तो तिसऱ्या प्रकाराचा, म्हणजे काही कारण दिसत नसता आपोआप होणाऱ्या उघडझापेचा.

तिचे उघड कारण सर्वांस ठाऊक आहे. डोळा ओला राहावा म्हणून पापणी लवते. बुबुळावरील पारदर्शक पडद्यास, म्हणजे पारपटलास, रक्तवाहिन्या नसतात. त्यावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर सदैव पसरलेला असावा लागतो. या थरात पृष्ठभागास चिकटून राहणारा बुळबुळीत द्रव असतो, अश्रुग्रंथींतून आलेले पाणी असते आणि सर्वांत वर तेलाचा तवंग असतो. हे तेल पापणीच्या कडेशी असलेल्या बारीक ग्रंथींतून येते. हाइनरिख मायबोम या जर्मन वैद्याने १६६६ मध्ये त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात. तेलाच्या तवंगामुळे खालचे पाणी लवकर उडून जात नाही. पापणी मिटली की हा थर पुन्हा सारखा पसरतो, धुळीचा कण कडेस ढकलला जातो आणि जुने अश्रू नाकाकडील बारीक नळीतून वाहून जातात. थोडक्यात, पाटी पुसण्याचे जे काम ओले फडके करते, तेच पापणी करते.

परंतु एवढ्यावर कोडे सुटत नाही. निरोगी डोळ्यावर अश्रूंचा थर दहा सेकंद किंवा त्याहूनही अधिक काळ अखंड टिकतो. असे असता दर तीन-चार सेकंदांनी पापणी लवण्याचे प्रयोजन काय? तान्ह्या मुलाची पापणी तर मिनिटास दोन-तीन वेळाच लवते, आणि तरीही त्याचा डोळा कोरडा पडत नाही. हाच प्रश्न एरिक पाँडर व केनेडी या दोन संशोधकांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात हाती घेतला. त्यांनी माणसांच्या पापण्यांची गती निरनिराळ्या परिस्थितींत मोजली. डोळ्यावर उजेड पडो वा अंधार असो, नेहमीच्या परिस्थितीत उघडझापेच्या गतीत विशेष फरक पडत नाही, असे त्यांस आढळून आले. फरक पडतो तो मनाच्या ताणाने. मन अस्वस्थ झाले, उद्दीपित झाले, की पापण्या भराभर लवू लागतात. डोळ्याच्या पृष्ठभागावर घडणाऱ्या या क्रियेची सूत्रे मेंदूत आहेत, हा त्या निबंधाचा मुख्य सांगावा होय. कंपवाताच्या रोग्याची पापणी फार क्वचित लवते व त्याची नजर थिजल्यासारखी भासते, ही वैद्यांची जुनी नोंदही त्याचीच साक्ष देते. कारण त्या रोगात बिघाड असतो तो डोळ्यात नव्हे, तर मेंदूतील एका रासायनिक द्रव्याच्या तुटवड्यात.

आपल्या पूर्वजांनी या क्षणिक क्रियेवरून काळाचे एक मापच तयार केले, हे येथे सांगावयास हरकत नाही. निमिष म्हणजे पापणी लवण्यास लागणारा वेळ. ‘निमिषार्धात’, ‘पापणी लवते न लवते तोच’ हे शब्दप्रयोग आजही आपल्या बोलण्यात आहेत. देवांची पापणी लवत नाही, म्हणून त्यांस ‘अनिमिष’ म्हणतात. महाभारताच्या वनपर्वातील नलोपाख्यानात स्वयंवराच्या मंडपात नळाचेच रूप घेतलेले चार देव बसलेले असतात. देवांचे डोळे अचल, अंगावर घाम नाही, माळा न सुकलेल्या आणि पाय भूमीस न टेकलेले; खऱ्या नळाची पापणी मात्र लवते, आणि या खुणांवरून दमयंती त्यास ओळखते. कथा कशीही असो, उघडझाप हे जिवंत मनुष्याचे लक्षण आहे, हे कथाकाराने अचूक टिपले आहे.

आता मानसिक श्रमांकडे वळू. सर्वसाधारण समज असा की, डोक्याला ताण पडला की पापण्या अधिक लवतात. हा समज अर्धाच खरा आहे. श्रम कोणत्या प्रकारचे आहेत यावर सर्व अवलंबून असते. इटलीतील संशोधकांनी १५० निरोगी व्यक्तींची पाहणी करून १९९७ मध्ये जे आकडे प्रसिद्ध केले, ते या बाबतीत फार बोलके आहेत. स्वस्थ बसलेल्या मनुष्याची पापणी मिनिटास सरासरी १७ वेळा लवली. तोच मनुष्य संभाषण करू लागला तेव्हा २६ वेळा. आणि वाचू लागला तेव्हा केवळ ४ ते ५ वेळा. मनुष्य तोच, डोळे तेच आणि हवाही तीच. बदलले ते केवळ काम. बोलणे व वाचणे ही दोन्ही बुद्धीचीच कामे, परंतु एकाने पापणीस वेग आला व दुसऱ्याने ती जवळजवळ थांबली.

याचा उलगडा असा. पापणी मिटली की क्षणभर डोळ्यात येणारा प्रकाश तुटतो. जे काम डोळ्यांनी करावयाचे असते त्यात हा खंड परवडत नाही. म्हणून मेंदू पापणीस थोपवून धरतो. जी. सी. ड्रू यांनी १९५१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. सरकत्या पट्टीवरील नागमोडी रेषेचा मागोवा हाताने घ्यावयाचा, असे ते काम होते. रेषा सोपी असली की पापण्या लवत. ती अवघड होऊ लागली की त्यांची संख्या घटत जाई. सुईत दोरा ओवणारी आजी, जाळ्याचा फाटलेला डोळा सांधणारा कोळी, शाईने पहिल्यांदा अक्षर गिरविणारे मूल यांच्याकडे पाहावे. ऐन नेमक्या क्षणी पापणी लवत नाही, आणि काम साधताच ती दोनतीनदा भराभर लवते. थोपवून धरलेले ऋणच जणू फेडले जाते.

ज्या कामात डोळ्यांची गरज नसते तेथे मात्र गोष्ट उलट होते. तोंडी हिशेब करताना, आठवलेले बोलून दाखविताना, उत्तर जुळवून सांगताना पापण्यांचा वेग वाढतो. वाशीच्या कृषी उत्पन्न बाजारात मनातल्या मनात आकडेमोड करून भाव सांगणारा मनुष्य आणि शेजारीच वहीत तेच आकडे मांडणारा मनुष्य यांच्याकडे एकाच वेळी पाहिले, तर हा भेद सहज ध्यानात येईल. यातही एक बारकावा आहे. एखादी गोष्ट मनात धरून ठेवावयाची असेल, उदाहरणार्थ ऐकलेले सात-आठ अंक क्रमाने लक्षात ठेवावयाचे असतील, तर तेवढा वेळ पापण्या कमी लवतात; आणि अंक जितके अधिक, तितक्या त्या अधिक कमी लवतात, असे हॉलंड व टार्लो यांनी १९७२ मध्ये दाखविले. भरलेला हंडा डोक्यावर घेऊन चालणारी बाई मान हलवीत नाही, तसाच हा प्रकार दिसतो.

म्हणून ‘पापण्या फार लवतात, तेव्हा मूल खोटे बोलत आहे’ हा निष्कर्ष शिक्षकाने कधीही काढू नये. उत्तर शोधणारे, शिक्षकास भिणारे, घरी एक बोली व शाळेत दुसरी भाषा बोलणारे मूलही बोलताना पापण्या अधिक लवविते. खऱ्या-खोट्याचा निवाडा पापणीवरून होत नसतो.

वाचनासंबंधी आणखी एक निरीक्षण शिक्षकांस रुचेल. आर्थर हॉल या इंग्रज वैद्यांनी १९४५ मध्ये असे नोंदविले की, वाचताना पापणी वाटेल तेथे लवत नाही. ती विरामचिन्हांशी, परिच्छेद संपताना, पान उलटताना लवते. अर्थाचा एक घास गिळला जातो, आणि पुढचा घेण्यापूर्वीच्या फटीत पापणी आपले काम उरकून घेते. अलीकडे जपानमधील तामामी नाकानो व त्यांच्या सहकाऱ्यांनी हाच धागा पुढे नेला. एक विनोदी चित्रपट अनेकांस दाखविला असता, एखादी कृती पूर्ण होते अशा जागी प्रेक्षकांच्या पापण्या एकाच सुमारास लवतात, असे त्यांस २००९ मध्ये दिसून आले. पुढल्या वर्षी त्यांनी असेही दाखविले की, समोर दिसणारा वक्ता वाक्याच्या शेवटी थांबून पापणी लववितो, तेव्हा त्यापाठोपाठ अर्ध्या सेकंदाच्या आत ऐकणाऱ्याचीही पापणी लवते. गोष्ट रंगवून सांगणाऱ्या शिक्षकास हा अनुभव प्रत्यक्ष पाहता येईल. तो वाक्यांती थांबला की वर्ग ‘निमिष’ घेतो. जो शिक्षक थांबतच नाही, एका दमात धडा वाचून काढतो, त्याच्या वर्गास ही फट मिळत नाही. मग मुले ती स्वतःच कोठेतरी शोधतात, आणि तेवढ्यात एखादा शब्द निसटतो. २०१३ मध्ये याच संशोधकांनी मेंदूची चित्रे घेऊन असे मत मांडले की, पापणी लवण्याच्या क्षणी लक्ष ठेवणाऱ्या मेंदूच्या भागांची हालचाल किंचित ओसरते व विसाव्याच्या वेळी जागे असणारे भाग चाळवतात. पापणी म्हणजे मनाचा स्वल्पविराम, असे म्हटले तर ते केवळ अलंकारिक ठरणार नाही.

पापणी मिटते तेव्हा अंधार का दिसत नाही, असा प्रश्न चौथी-पाचवीचे चौकस मूल हमखास विचारते. मिनिटास पंधरा वेळा, दर वेळी सेकंदाचा पाचवा भाग धरला, तरी मिनिटातील तीन सेकंद डोळे मिटलेलेच असतात. वर्गातील दिवा तीन सेकंद विझला तर सर्वांच्या ध्यानात येईल. हा अंधार मात्र कोणास जाणवत नाही. व्होल्कमन, रिग्ज व मूर या अमेरिकन संशोधकांनी १९८० मध्ये याचा छडा मोठ्या युक्तीने लावला. पापणीच्या मिटण्याने प्रकाश तुटू नये म्हणून त्यांनी काचतंतूंच्या जुडीने प्रकाश तोंडात, टाळूवर सोडला. टाळूतून तो डोळ्याच्या आतील पडद्यापर्यंत पोहोचतो. अशा रीतीने पापणी मिटली तरी प्रकाश कायम राहिला. तरीही पापणी लवण्याच्या क्षणी प्रकाशातील लहान फरक माणसास ओळखता येईनात. म्हणजे पापणीस मिटण्याची आज्ञा देतानाच मेंदू पाहण्याची जाणीवही क्षणभर मंद करतो.

येथवर मनाचा विचार झाला. आता डोळ्यांसमोरील परिस्थितीचा विचार करू, आणि त्यासाठी नवी मुंबईचे उदाहरण घेऊ. कारण एकाच पिढीत डोळ्यांचे काम इतके पालटून गेलेला दुसरा प्रदेश महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. ठाण्याच्या खाडीच्या पूर्वेकडील हा पट्टा पूर्वी भातखाचरांचा, मिठागरांचा व मासेमारीचा. १७ मार्च १९७० रोजी शहर व औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली आणि ठाणे जिल्ह्यातील व तेव्हाच्या कुलाबा, आजच्या रायगड, जिल्ह्यातील गावांच्या जमिनींवर नवे शहर वसू लागले. १९९२ मध्ये वाशीपर्यंत रेल्वे आली. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत रसायनांचे कारखाने होते. तेथेच पुढे ऐरोली, महापे, कोपरखैरणे येथे संगणकावर काम करणाऱ्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, आणि वाशीच्या रेल्वे स्थानकाच्या माथ्यावरही अशा कचेऱ्या थाटल्या गेल्या. ज्या आगरी व कोळी कुटुंबांतील आजोबांचे डोळे मिठाच्या पांढऱ्याशुभ्र खाचरांवरून परावर्तित होणाऱ्या उन्हाने दिपत, त्याच कुटुंबांतील नातवंडे आता काचेच्या पडद्यावरील अक्षरे न्याहाळीत बसतात. आजोबांचे डोळे बारीक होत, पापण्या सारख्या लवत, पाणी येई. नातवाच्या बाबतीत उलट आहे. त्याची पापणी लवेनाशी होते.

हे केवळ अनुमान नव्हे. त्सुबोता व नाकामोरी या जपानी नेत्रतज्ज्ञांनी १०४ कचेरी-कामगारांची तपासणी करून १९९३ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले त्यांनुसार, स्वस्थ बसलेले असता त्यांच्या पापण्या मिनिटास सरासरी २२ वेळा, मेजावरील पुस्तक वाचताना १० वेळा आणि संगणकाच्या पडद्यावरील मजकूर वाचताना ७ वेळा लवल्या. वाचनाचा हा आकडा इटलीतील आकड्यापेक्षा मोठा आहे. तेव्हा अमुक एक संख्या म्हणजे निरोगी व त्याखाली रोगी, असे समजू नये. क्रम मात्र सर्वत्र तोच राहतो. याशिवाय पडद्यावर पाहताना पुष्कळदा पापणी अर्धवटच मिटते, खालच्या पापणीपर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे बुबुळाचा खालचा भाग कोरडा राहतो.

त्यांनी आणखी एक साधी पण महत्त्वाची गोष्ट दाखविली. पुस्तक आपण खाली पाहून वाचतो. तेव्हा वरची पापणी अर्धी खाली आलेली असते व डोळ्याचा थोडाच भाग हवेस उघडा राहतो. समोर किंवा वर असलेल्या पडद्याकडे पाहताना डोळा अधिक उघडतो, उघडा पृष्ठभाग वाढतो आणि अश्रू लवकर सुकतात. त्यात वातानुकूलित खोलीतील हवा कोरडी. खाडीकाठच्या या शहरात बाहेर पावसाळ्यात अंगास चिकटणारा दमटपणा असतो, आणि काचेच्या दाराआड मात्र डोळ्यास कोरडा वारा लागत असतो. डोळ्याची गरज अधिक उघडझापेची, आणि मनाची आज्ञा पापणी थांबविण्याची. या ओढाताणीत डोळा हरतो. संध्याकाळी डोळे चुरचुरणे, जड वाटणे, क्षणभर अंधुक दिसून पापणी मिटताच पुन्हा स्वच्छ दिसणे, ही त्याची लक्षणे होत. पुष्कळांस कोरडेपणामुळेच उलट पाणी येते, आणि ‘डोळ्यांतून तर पाणी वाहते, मग ते कोरडे कसे?’ असे त्यांस वाटते. कोरड्या पृष्ठभागास बोचू लागले की अश्रुग्रंथी एकदम पाणी सोडते. परंतु त्या पाण्यात तेलाचा तवंग पुरेसा नसल्याने ते टिकत नाही.

हा प्रश्न थोरांपुरता राहिलेला नाही. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि पुढे दीड वर्षाहून अधिक काळ प्राथमिक वर्गांचे शिक्षण बहुतांशी मोबाइलच्या पडद्यावर चालले. शाळा पुन्हा भरल्या, पण हातातील पडदा सुटला असे म्हणता येत नाही. मोबाइल खाली धरून पाहिला जातो, त्यामुळे डोळ्याचा उघडा भाग त्यातल्या त्यात कमी राहतो, हे खरे. परंतु तो डोळ्याच्या अगदी जवळ असतो, अक्षरे बारीक असतात, आणि खेळातील चित्र क्षणभरही थांबत नसल्याने पापणीस फटच मिळत नाही. पुस्तकात पान उलटावे लागते; खेळात पान नसते. घरी मूल मोबाइल पाहत असेल तर ‘किती वेळ पाहिलेस’ याबरोबरच ‘मधून मधून नजर काढून खिडकीबाहेर पाहिलेस का’ हेही पालकांनी विचारावे. दर वीस मिनिटांनी वीस फूट अंतरावरील वस्तूकडे वीस सेकंद पाहावे, असा एक सुटसुटीत नियम नेत्रतज्ज्ञ सांगतात. त्यातील आकड्यांस फार मोठा शास्त्रीय आधार नाही, पण तो लक्षात राहतो आणि त्यापासून अपाय नाही. मैदानात खेळावयास जाणे हे त्याहून निःसंशय उत्तम.

शाळेच्या खोलीतही पाहण्यासारखे पुष्कळ आहे. अनेक शाळांत शैक्षणिक चित्रफिती दाखविण्यासाठी दूरदर्शन संच भिंतीवर, फळ्याच्याही वर बसविलेला असतो. पुढच्या बाकावरील अथवा पट्टीवरील लहान मुलांस तो मान उंच करून पाहावा लागतो. डोळा पूर्ण उघडा राहतो आणि पंखा नेमका त्याच रांगेवर असतो. संच खाली आणता येत नसेल तर मुलांस तरी मागे बसवावे. फळ्यावर खिडकीचा उजेड तिरपा पडून चकाकी येते, आणि एका बाजूच्या मुलांस अक्षरांऐवजी पांढरा पट्टा दिसतो. ती मुले डोळे किलकिले करतात, पापण्या मिचकावितात, शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेतात व ‘लक्ष नाही’ म्हणून बोलणी खातात. शिक्षकाने महिन्यातून एकदा त्या कोपऱ्यातील मुलाच्या जागी बसून, मुलाच्या डोळ्याच्या उंचीवरून फळा पाहावा. खिडकीकडे पाठ करून उभे राहण्याची सवयही टाळावी. मुलांस उजेडाकडे तोंड करून शिक्षकाचा काळा आकार तेवढा दिसतो. ज्या शाळा मोठ्या रस्त्यालगत किंवा बांधकामाजवळ आहेत तेथे धुळीची भर पडते. फळा कोरड्या फडक्याने झटकण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसावा. पहिल्या बाकावरील मुलांस यानेच निम्मा आराम मिळेल.

उघडझापेची मोजणी हा इयत्ता चौथी-पाचवीच्या परिसर अभ्यासात घेण्यासारखा प्रयोग आहे. त्यास खर्च काहीच नाही. दोन मुलांची जोडी करावी. एकाने मोजावे, दुसऱ्याने काम करावे. घड्याळ शिक्षकाजवळ असावे. प्रथम एक मिनिट नुसते बसावे, मग एक मिनिट बारीक टाइपाचा उतारा मनात वाचावा, मग एक मिनिट सतराचा पाढा उलट म्हणावा किंवा काल काय खाल्ले ते सांगावे. ज्याचे डोळे मोजावयाचे त्यास आधी ‘तुझ्या पापण्या मोजतो’ असे सांगू नये. सांगितले की पापणी आपली चाल विसरते. मोजणाऱ्याने समोर न बसता थोडे बाजूस बसावे. आलेल्या संख्या फळ्यावर लिहाव्यात, पण एका मुलाची दुसऱ्याशी तुलना करू नये; माणसामाणसांत मोठा फरक असतो, आणि लहान मुलांच्या पापण्या मोठ्यांपेक्षा कमीच लवतात. प्रत्येकाची तुलना त्याच्या स्वतःच्याच दुसऱ्या संख्येशी करावी.

आता ज्या मुलांच्या पापण्या नेहमीच वेगळ्या वागतात त्यांच्याविषयी. सारखे डोळे मिचकावणाऱ्या मुलाच्या बाबतीत पहिली शंका दृष्टीची घ्यावी. लांबचे नीट दिसत नसले की मूल डोळे बारीक करते व पापण्या लवविते, आणि आपल्यास कमी दिसते हे त्यास ठाऊकच नसते, कारण सर्वांस असेच दिसते अशी त्याची समजूत असते. डोळे चोळणे, खाज व लाली बरोबर असेल तर धुळीचे वावडे किंवा डोळे आलेले असण्याचा संभव असतो. डोळ्याचा पांढरा भाग निस्तेज, सुरकुतल्यासारखा दिसत असेल, त्यावर फेसासारखे ठिपके असतील, संध्याकाळी मूल चाचपडत असेल, तर अ जीवनसत्त्वाच्या अभावाची शंका घेऊन त्यास ताबडतोब आरोग्य केंद्रात पाठवावे. तेथे विलंब झाल्यास दृष्टी कायमची जाऊ शकते. शेवग्याचा पाला, गाजर, पिकलेली पपई या वस्तू शालेय पोषण आहारात व घरच्या जेवणात असाव्यात, ते याचसाठी.

याशिवाय, डोळे निर्दोष असूनही काही मुलांस पापण्या जोराने मिचकावण्याची लकब जडते. वयाच्या पाचव्या-सहाव्या वर्षाच्या सुमारास ती पुष्कळदा दिसू लागते आणि बहुतेकांच्या बाबतीत काही महिन्यांत, वर्षभरात आपोआप जाते. मूल ती हट्टाने करीत नाही. शिंक जशी थोडा वेळ दाबता येते तशीच ही दाबता येते, एवढेच. दटावल्याने, नक्कल केल्याने, ‘पुन्हा केलेस तर पाहा’ असे म्हटल्याने ती वाढते. या मुलास शिक्षा झाली असेल तर ती अज्ञानाने झालेली शिक्षा होय. अशा मुलाकडे त्या बाबतीत लक्षच न देणे, आणि वर्गमित्रांस चिडवू न देणे, हाच उपाय. ही लकब वर्षभराहून अधिक टिकली, किंवा तिच्याबरोबर मान झटकणे, आवाज काढणे असे प्रकार दिसू लागले, तर डॉक्टरांस दाखवावे.

याहून दुर्लक्षित राहते ते टक लावून बसणारे मूल. वाचता वाचता, बोलता बोलता ते मध्येच थांबते. पाच-दहा सेकंद नजर शून्यात, हाक मारली तरी उत्तर नाही, पापण्या बारीक फडफडतात, आणि मग जणू काही घडलेच नाही अशा रीतीने वाक्य पुढे सुरू होते. दिवसातून अनेक वेळा असे होत असेल तर तो अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, एक सौम्य प्रकार असू शकतो. यात मूल खाली पडत नाही, तोंडास फेस येत नाही. त्यामुळे घरच्यांस कळत नाही, आणि शाळेत ‘स्वप्नाळू’, ‘आळशी’ असा शिक्का बसतो. चार ते दहा वर्षे या वयात, म्हणजे प्राथमिक शाळेच्याच काळात, तो प्रामुख्याने दिसू लागतो. औषधाने बहुतेक मुलांस चांगला गुण येतो. तो प्रथम ओळखणारी व्यक्ती पुष्कळदा शिक्षकच असते, कारण मुलाकडून सलग वाचून घेणारे दुसरे कोणी नसते. साध्या तंद्रीत व यात भेद असा की, तंद्रीतील मूल खांद्यास हात लावताच भानावर येते. हे येत नाही.

सकाळच्या पहिल्या तासास मंद, जड, रेंगाळणाऱ्या पापण्या दिसतात ती गोष्ट निराळी. झोप अपुरी झाली की पापणी मिटण्यास व उघडण्यास अधिक वेळ लागतो; शीव-पनवेल महामार्गावरील रात्रपाळीच्या चालकात ही धोक्याची खूण मानतात. ज्या घरी आईवडील पाळ्यांच्या कामावर जातात तेथील मुलांत ती वारंवार आढळल्यास पालकांशी झोपेच्या वेळेविषयी बोलावे, मुलास शिक्षा करू नये.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. ते येईपर्यंत शिक्षकाने एक वही ठेवावी आणि तीत मुलाच्या नावापुढे चार गोष्टी लिहाव्यात : पापण्या कोणत्या तासास अधिक लवतात किंवा थिजतात, वाचताना, बोलताना की नुसते बसले असता, त्याबरोबर चोळणे, पाणी, डोकेदुखी, डोळे किलकिले करणे यांपैकी काय असते, आणि जागा बदलल्यावर फरक पडतो का. तंद्रीसारखे झटके, डोळ्याचा कोरडेपणा व रातांधळेपणा यांसाठी पथकाची वाट पाहू नये. त्याच आठवड्यात पालकांस बोलावून, वहीतील नोंद त्यांस वाचून दाखवून, मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जवळच्या पालिका रुग्णालयात पाठवावे आणि नोंदीची एक प्रत त्यांच्याबरोबर द्यावी.